सव्वा वाजताचं पाणी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. टाकी म्हटल्यावर तुमची मान वर गेली असेल, गच्चीकडे. तिकडे नाही, खाली बघा. कुठल्याही मोटारीच्या पुढच्या चाकाशी वाका. चाकाच्या वर काळ्या प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्याच्यामागे बंपरच्या कोपऱ्यात, अंधारात मी बसलेली असते. तीन लिटर पाणी मावेल एवढाच माझा जीव. काच धुळीने माखली की चालवणारा स्टिअरिंगजवळची दांडी ओढतो, माझ्या पायाशी बसवलेली छोटी मोटर गुरगुरते आणि माझ्यातलं पाणी नळीतून वर जाऊन काचेवर उडतं. मग वायपर येतात, दोनदा इकडून तिकडे हात फिरवतात आणि सगळी शाबासकी घेऊन जातात. गाडी विकत घेताना लोक दारं आपटून बघतात, चाकांना लाथा मारून बघतात. माझं झाकण उघडून बघणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेल्या प्लॅस्टिकचा गरम गोळा साच्यात धरतात, त्यात वारा फुंकतात, तो फुगतो आणि टाकी होते. म्हणजे माझ्या आत जी पोकळी आहे, ती कुणीतरी फुंकलेली आहे. लहानपणी मला याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं. माझ्या डोक्यावर एक निळं झाकण आहे आणि त्या झाकणाला मोहरीएवढं एक भोक. ते कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

ज्या घरी आमची गाडी गेली, तिथल्या मालकांना सगळी वस्ती डासवाले काका म्हणायची. ते नगरपालिकेत डास-निर्मूलनाच्या कामाला होते. गल्लोगल्ली हिंडायचे, लोकांच्या पिंपांत, टायरांत, कुंड्यांत बॅटरी मारून बघायचे, आणि पाण्यात अळी वळवळताना दिसली की त्या घरच्या माणसांना उभं करून झापायचे. घरीही तोच खाक्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बायकोच्या फुलदाणीतलं पाणी ओतून दिलं होतं. काकू हे आल्यागेल्याला सांगायच्या आणि काका शेजारी बसून मिशीत हसायचे.

एरवी माणूस मऊ. काकूंची एक सवय होती. त्या काहीही विचारताना शेवटी 'ना' लावायच्या. अहो, पडदे धुवायला काढू ना? अहो, रविवारी बहिणीकडे जाऊ ना? आणि काका 'हो' म्हणायचे. पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोला एकदाही नाही म्हटलं नाही, असं काकू स्वतःच सांगत. सगळे 'नाही' त्यांनी डासांसाठी राखून ठेवले होते म्हणे.

त्या दिवसांत मी सुखात होते. काका दर रविवारी मला भरायचे. भरताना आत बॅटरी मारायचे, तेवढाच माझ्या पोटात उजेड. अशाच एका रविवारी ते एकदम थबकले. माझ्या तळाशी तीन अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या स्वतःच्या गाडीत! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला रिकामी केली, साबणाने दोनदा खळखळून धुतली, झाकण उलटसुलट करून बघितलं आणि ते भोक त्यांना सापडलं. घरात भेगा बुजवायची, दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून करायची लांबी होती. ती त्यांनी चिमूटभर मळली, भोकावर आतून ठेवली आणि अंगठ्याने दाबली. "आता या म्हणावं," ते म्हणाले. काम फत्ते झाल्यावर माणूस खूश होतो तसे ते खूश होते, आणि मीही खूश झाले. माझी एवढी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती.

त्यानंतर आठच दिवसांनी काका गेले. थंडीचे दिवस होते. दुपारी जेवायला घरी आले, अंगणात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. काकूंनी आतून दोनदा हाक मारली, मग ताट झाकून त्या बाहेर आल्या. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, चष्मा डोळ्यांवरच होता. हृदय थांबलं होतं. शेजाऱ्याने घड्याळ बघितलं तेव्हा सव्वा वाजला होता, आणि ती वेळ त्या घरात कायमची राहिली.

पुढे गाडी त्यांची लेक चालवू लागली. ती शिक्षिका आहे, शाळा सकाळची, आणि वाट खडीच्या खाणीवरून जाते. सकाळी सूर्य समोर, काचेवर खाणीची पांढरी भुकटी. ती दांडी ओढायची. मोटर गुरगुरायची, मी जीव खाऊन पाणी वर ढकलायला बघायची, एक चूळ कशीबशी उडायची आणि पुढे काही नाही. माझ्या आतून कुणीतरी पाणी मागे ओढून धरत होतं. खोटं वाटेल, पण मला ती पकड कळायची. काचेवर चिखल पसरायचा आणि लेकीला समोरचं काही दिसायचं नाही.

तिने गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने झाकण उघडलं, पाणी ओतलं आणि झाकण उघडंच ठेवून दांडी ओढली. पाणी फर्रकन काचेच्या टोकापर्यंत. त्याने झाकण लावून दिलं आणि सांगितलं की गाडी ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी खाणीपाशी पुन्हा तेच. तो म्हणाला मोटर बदलू. मोटर बदलली. गॅरेजात मी शहाण्यासारखी वागले, घरी आले की मुकी. तिसऱ्या वेळी त्याने लेकीकडे विचित्र नजरेने बघितलं आणि बाई, तुम्हाला भास होत असतील, असं काहीसं बोलला. ती गाडी घेऊन परत आली. भास मलाही होत होते, पण मला कोण विचारतंय?

मग ऊन वाढलं आणि ती दुसरी गोष्ट सुरू झाली.

एका दुपारी गाडी अंगणात उभी होती. कुलूप लावलेलं, किल्ली घरात खुंटीवर. काकू बादली घेऊन जवळून चालल्या होत्या. शपथेवर सांगते मित्रांनो, मी काही केलं नाही. मोटर गाढ झोपलेली. पण पाण्याच्या वर जी माझी रिकामी जागा असते ना, तिथे कुणीतरी येऊन बसलं. आणि ते वाढू लागलं. माझ्या भिंती ताणल्या, कुरकुरल्या. आजवर मला खालून ओढणारी मोटर माहीत होती, वरून दाबणारं कुणी माहीत नव्हतं. पाणी आपणहून नळीत चढलं आणि काचेवर उचकी आल्यासारखं तीनदा उडालं. चालकाच्या बाजूला.

काकूंच्या हातातली बादली पडली. मी तो आवाज ऐकला. मग अगदी हळू, "अहो?"

घरातल्या घड्याळात सव्वा वाजला होता.

दुसऱ्या दिवशी त्या आधीच येऊन बसल्या, चालकाशेजारच्या सीटवर. गाडीतलं बोलणं पत्र्यातून माझ्यापर्यंत येतं. मला नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. सव्वाच्या सुमाराला पुन्हा तो, जो कुणी होता तो, आला, माझ्या पोकळीत बसला, फुगला, आणि पाणी उडालं. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "अहो, पडदे धुवायला काढू ना?" पाणी उडालं. काकू हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम.

मग रोज. पाणी म्हणजे हो. आधी किरकोळ गोष्टी होत्या. भावाला पत्र लिहू ना? मागची खोली बंद ठेवू ना? मी हो म्हणायची, म्हणजे माझ्यातून ते निघायचं. मला काकूंचा लोभ होता, त्यांना दोन घटका बरं वाटतंय तर वाटू दे, असं मला वाटे. संध्याकाळी त्या मला पाण्याने भरून ठेवायच्या, झाकण फिरवून घट्ट करायच्या. काकांच्या माघारी एवढं लाडाने मला कुणी भरलं नव्हतं. पण रात्र पडून पत्रा गार झाला की माझ्या आत तो उलटा खेचू लागायचा आणि काचेपाशी असलेल्या तोंडातून बाहेरची हवा सूं करत माझ्यात शिरायची. मी अंधारात ते ऐकत बसायची. आत आलेली हवा मोजता येत नाही, मित्रांनो. कोण आलं आणि किती आलं, कसं कळणार?

एक दिवस काकूंनी विचारलं, "त्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी नुसती गुंगी येते. बंद करू ना?"

पाणी उडालं.

दुपारी लेक आत वह्या तपासत असायची, तिला हे कळायला दोन आठवडे गेले. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी बघून तिने विचारलं तेव्हा काकूंनी सरळ सांगितलं, ह्यांना विचारून बंद केल्या. लेक आधी चिडली, मग घाबरली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन ती गाडीपाशी उभी राहिली. इंजिन बंद, किल्ली तिच्या मुठीत, आई आत बसलेली. सव्वा वाजता पाणी उडालं. लेकीचे पाय मागे सरकल्याचं मी ऐकलं. शिकलेली, विज्ञान शिकवणारी मुलगी, पण तिच्याही अंगावर काटा आला असणार, कारण ती तशीच उलटपावली घरात गेली.

संध्याकाळी मात्र अंगणातच दोघींचं वाजलं. लेकीचं म्हणणं, हा बिघाड आहे, मी दुरुस्त करणार. काकूंनी तिला माझ्या जवळपासही फिरकू दिलं नाही. "तुला तो बिघाड वाटतो. मला तेवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. लेकीने हात टेकले. गोळ्यांचा विषय काढला की काकू उठून जायच्या.

त्यानंतर खाणीजवळचा तो सोमवार. समोरून ऊन, काच पांढरीफटक, लेकीने दांडी ओढली आणि माझ्या आतल्याने पाणी घट्ट धरून ठेवलं. ब्रेक कर्कश वाजला. सायकल आडवी झाल्याचा आवाज आला. सायकलवरचे म्हातारबुवा वाचले. गाडीचं चाक त्यांच्यापासून वीतभर थांबलं होतं. ते चार शिव्या देऊन, गुडघा चोळत निघून गेले, पण लेकीने गाडी बाजूला घेतली आणि पुढची दहा मिनिटं तिथेच उभी ठेवली.

म्हणून त्या रविवारी, काकू आपल्या बहिणीकडे गेल्याची संधी साधून, लेकीने हत्यारं काढली. काचेपाशी पाणी उडवणारी दोन तोंडं असतात, त्यांत तिने सुई घालून बघितली. साफ होती. नळी वरपासून बोटांनी चाचपत आली. कुठे मुडपलेली नव्हती. मग चटई अंथरून चाकाशी आडवी झाली, काळं आवरण सोडवलं, आणि कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिने माझ्यावर तळवा ठेवला आणि पटकन काढून घेतला.

कारण मी फुगले होते. वेळ होत आली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. बहीण घरी नव्हती की आणखी काय, मला ठाऊक नाही, पण काकू लवकर परतल्या होत्या. लेक पलीकडच्या अंगाला जमिनीलगत होती, त्यांना दिसली नाही. त्या नेहमीसारख्या दार उघडून आत बसल्या. लेकीने श्वास रोखला. समोर आली असती तर पुन्हा भांडण, म्हणून असेल, ती तशीच पडून राहिली. एक हात माझ्या नळीवर.

काकू आज लगेच बोलल्या. आवाज अगदी शांत होता, बाजारातून काय आणू विचारावं तसा.

"अहो, कंटाळा आला हो. मी येऊ ना तुमच्याकडे?"

मित्रांनो, मी टाकी आहे. मला हात नाहीत, झाकण आवळून धरता येत नाही. माझ्या आतला तो फुगतच चालला होता आणि पाणी नळीत चढत होतं. मी भिंती आखडून घेतल्या. मी पहिल्यांदा त्याला म्हटलं, आज नको, एवढी एक दुपार नको. पाणी चढतच राहिलं. काचेपाशी तोंडात येऊन ठेपलं. थेंब बाहेर डोकावत होता.

खाली लेकीने नळी धरून खसकन उपटली.

आता एक सांगते, ते नीट ऐका. नळी सुटली की त्याच क्षणी माझ्यातलं पाणी बाहेर उसळायला हवं होतं, आणि नळीत वर चढलेलं खाली यायला हवं होतं. तसं झालं नाही. दोन क्षण काहीच हललं नाही. वरचा थेंब तोंडाशी तसाच, खालचं पाणी तसंच, आणि माझी पोकळी एकदम शांत. मग पाणी आलं. लेकीच्या तोंडावर, डोळ्यांत, केसांत, सगळं तिकडेच. काच कोरडी राहिली.

काकू थांबल्या. "अहो?" त्या म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. आतल्या घड्याळाने अर्ध्याचा ठोका दिला तरी त्या बसूनच होत्या. मग त्यांचा आवाज चिरकला. पस्तीस वर्षांत एकदा नाही म्हटलं नाहीत आणि आता म्हणताय, असं त्या भांडल्यासारखं बोलल्या. दार उघडून उतरल्या, गाडीला वळसा घातला, आणि त्यांना लेक दिसली. चिखलात बसलेली, निथळणारी, हातात नळी.

काकूंची पावलं तिच्यापाशी येऊन थांबली.

"ते नाही म्हणाले की तू?" काकूंनी विचारलं.

"मी. मी म्हणतेय नाही." लेक आता रडत होती. "आई, मला विचारलंस का कधी? मी इथे आहे ना. मला विचार."

काकू तिथेच जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत असून बसल्या. त्यांनी हाताने लेकीच्या तोंडावरचं पाणी पुसलं, केसांतला चिखल काढला, आणि सवयीने त्यांनी विचारलं, "गोळ्या परत सुरू करू ना?"

"हो," लेक म्हणाली.

मग दोघींनी मिळून मला तपासलं. थोडं पाणी माझ्यात उरलं होतं, लेकीने नळी परत जोडली. झाकण काढून दांडी ओढली, पाणी फर्रकन वर. झाकण लावून ओढली, एक चूळ आणि बंद. तिने झाकण उन्हात धरलं आणि आतला लांबीचा ठिपका तिला दिसला. पाणी बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला वाट लागते, ती वाट बुजली होती. म्हणून मी चालत नव्हते. आणि दुपारी एकनंतर न्हाणीघराच्या भिंतीची सावली गाडीवरून सरकते, पत्रा तापतो, कोंडलेली हवा फुगते आणि पाणी ढकलते. एवढंच ते. थंडीत ऊन एवढं कडक नव्हतं म्हणून उन्हाळ्यापर्यंत कुणाला काही कळलं नाही. लेक हे सगळं वर्गात शिकवतात तसं आईला समजावत होती.

काकू ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या लांबीवर बोट फिरवत होत्या. त्यात काकांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. हे ह्यांचं काम, अळ्या सापडल्या होत्या तेव्हाचं, असं म्हणून त्या हसू लागल्या, आणि मग लेकही हसू लागली. साऱ्या गावाचे डास अडवणाऱ्या माणसाने आपल्याच गाडीची टाकी बंद पाडली होती. लेक लांबी खरवडून काढायला निघाली तेव्हा काकूंनी तिचा हात धरला. त्यांनी सुई तापवून आणली आणि ठशाच्या बरोबर मधोमध एक भोक पाडलं. वर जाळीच्या कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधला, डास नकोत म्हणून. मी एक लांब श्वास घेतला. माझ्या आत जे काही होतं ते त्यातून निघून गेलं.

आता मी नीट काम करते. खाणीपाशी लेकीने दांडी ओढली की काच लख्ख होते. दुपारी सव्वा वाजता काही होत नाही. काकू तेव्हा आत जेवायला बसतात, लेकीबरोबर, आणि गोळीही तेव्हाच घेतात.

माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे, मित्रांनो. गाडीचं बॉनेट उघडाल तेव्हा माझ्या झाकणाचं ते बारीक भोक उघडं आहे का बघा. आणि तुमच्या घरात कुणी एखाद्या वस्तूशी बोलत बसत असेल, खुर्चीशी, घड्याळाशी, बंद गाडीशी, तर त्यांना हसू नका आणि वेड्यातही काढू नका. शेजारी जाऊन बसा. त्यांनी प्रश्न विचारला तर वस्तूच्या आधी तुम्ही उत्तर द्या.

लेकीला वाटतं, तिने नळी वेळेत उपटली. तसं नाही. थेंब आधीच तोंडाशी आला होता, आणि ते दोन क्षण तो कुणीतरी अडवून धरला होता. तो मी अडवला नाही. आम्हा वस्तूंना 'नाही' म्हणता येत नाही.